नगरपरिषद निवडणूक: उमेदवारी अर्जापासून मतपत्रिकेवरील नावापर्यंत

नगरपरिषद किंवा नगरपंचायतीची निवडणूक लढवायचे मनात आले की इच्छुकाचे सगळे लक्ष प्रभागातील गाठीभेटी आणि पक्षाची उमेदवारी यांकडे लागते आणि अर्जाची कागदपत्रे अखेरच्या दोन दिवसांवर ढकलली जातात. लहान शहरांत उमेदवारी बाद होते ती बरेचदा याच कारणाने. वर्षानुवर्षे लोकांची कामे केलेल्या माणसाचा सूचक, म्हणजे अर्जावर त्याचे नाव सुचवून सही करणारा मतदार, छाननीच्या दिवशी शेजारच्या प्रभागातला मतदार निघतो किंवा प्रतिज्ञापत्रातील दोन रकाने कोरे सापडतात आणि मतदारांसमोर जाण्याआधीच तो शर्यतीतून बाहेर पडतो. त्यात त्या उमेदवाराचे नुकसान होतेच, पण त्याला मत देऊ इच्छिणाऱ्यांचेही होते. म्हणून अर्ज कसा भरावा, छाननीत काय पाहिले जाते, मतपत्रिका कशी तयार होते आणि मतदाराने यंत्रासमोर काय करायचे असते, हे महाराष्ट्रातील नगरपरिषदा व नगरपंचायतींपुरते येथे सविस्तर मांडले आहे.

या निवडणुका भारताचा निवडणूक आयोग घेत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे सोपवल्या आहेत. महाराष्ट्रात त्यांचा मूळ आधार म्हणजे महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ आणि त्याखालील १९६६ चे निवडणूक नियम. या दोहोंच्या जोडीला आयोग वेळोवेळी आदेश काढतो आणि अनामत रक्कम, सूचकांची संख्या, अर्जाचा नमुना, खर्चाची मर्यादा यांसारख्या गोष्टी त्या आदेशांतून बदलत राहतात. त्यामुळे मागच्या वेळी निवडून आलेल्या माणसाच्या आठवणीवर विसंबून अर्ज भरू नये. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने प्रसिद्ध केलेली सूचना आणि त्यासोबतची माहितीपुस्तिका हाती घेऊनच बसावे.

जागा कोणती, हे आधी नक्की करा

नगरपंचायतीत १७ प्रभाग असतात आणि प्रत्येक प्रभागातून एकच सदस्य निवडून येतो. नगरपरिषदेत मात्र साधारणपणे एका प्रभागात दोन जागा असतात आणि एकूण सदस्यसंख्या विषम असेल तर एखाद्या प्रभागात तीन. या जागांना अ, ब, क अशी अक्षरे दिलेली असतात आणि प्रत्येक जागेचे आरक्षण वेगळे असते. याशिवाय नगराध्यक्षाची निवड थेट मतदारांकडून होते. ही पद्धत मधल्या काळात बदलून नगरसेवकांमधून नगराध्यक्ष निवडण्याची झाली होती, पण २०२२ पासून पुन्हा थेट निवड आली आहे.

अर्जावर केवळ प्रभाग क्रमांक लिहून भागत नाही, जागेचे अक्षरही लिहावे लागते. समजा, प्रभाग ४ मध्ये ‘अ’ जागा नागरिकांच्या मागासवर्गातील महिलेसाठी राखीव आहे आणि ‘ब’ जागा सर्वसाधारण आहे. ‘अ’ जागेवर फक्त त्या प्रवर्गातील स्त्रीच उभी राहू शकते. ‘ब’ जागा सर्वांना खुली आहे, म्हणजे तेथे कोणत्याही प्रवर्गातील पुरुष किंवा स्त्री अर्ज भरू शकते आणि त्या जागेसाठी जातीच्या दाखल्याची गरज नसते. सर्वसाधारण जागा म्हणजे मागासवर्गीयांना बंद असलेली जागा, हा समज अनेक गावांत अजून टिकून आहे आणि त्यापायी चांगले उमेदवार, विशेषतः स्त्रिया, आपणहून मागे राहतात. एकूण जागांपैकी निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, पण उरलेल्या निम्म्याही त्यांना बंद नाहीत.

पात्रता आणि अपात्रता

पात्रतेच्या अटी मोजक्या आहेत. अर्ज भरताना वयाची २१ वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि त्या नगरपरिषदेच्या किंवा नगरपंचायतीच्या मतदारयादीत नाव असावे. ज्या प्रभागातून उभे राहायचे त्याच प्रभागाच्या यादीत नाव असण्याची सक्ती नाही, त्याच शहरातील कोणत्याही प्रभागाच्या यादीत असले तरी चालते. मात्र आपला प्रभाग वेगळा असेल तर मतदारयादीतील आपल्या नोंदीचा प्रमाणित उतारा अर्जासोबत आवर्जून जोडावा, कारण छाननीच्या टेबलावर त्या प्रभागाची यादी उघडलेली असते आणि तुमचे नाव तिच्यात सापडणार नसते.

मतदारयादीबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्थानिक निवडणुकीची यादी राज्य आयोग नव्याने तयार करत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेऊन तिचे प्रभागनिहाय विभाजन केले जाते. २०२५ च्या निवडणुकीसाठी ही तारीख १ जुलै २०२५ होती. त्यामुळे प्रारूप यादीवर हरकत घेऊन चुकीच्या प्रभागात गेलेले नाव योग्य प्रभागात आणता येते, लेखनिकाची चूक सुधारून घेता येते, पण विधानसभेच्या यादीत नसलेले नाव तेथे नव्याने घालता येत नाही. निवडणूक लढवण्याचा विचार असलेल्याने आपली आणि आपल्या संभाव्य सूचकांची नोंद वर्षभर आधीच तपासून ठेवलेली बरी.

अपात्रतेची कारणे कायद्याच्या कलम १६ मध्ये दिलेली आहेत आणि ती सर्वच वाचण्यासारखी आहेत. लहान शहरात त्यातली चार विशेष अडचणीची ठरतात. पहिले म्हणजे नगरपरिषदेची थकबाकी. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्याचे भाडे हे सारे भरून पावत्या आणि थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा. एकत्र कुटुंबात घर वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असते आणि आपल्या नावावर काही नाही म्हणून उमेदवार निश्चिंत राहतो, पण हरकत येते ती नेमकी तेथूनच. म्हणून कुटुंबाच्या सगळ्या मालमत्तांचा कर भरून टाकणे शहाणपणाचे. दुसरे कारण ठेकेदारीचे. नगरपरिषदेच्या कोणत्याही कामात उमेदवाराचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असेल तर तो अपात्र ठरू शकतो, मग ते काम गटाराचे असो की दिवाबत्तीचे. तिसरे कारण दोनपेक्षा अधिक अपत्ये असण्याचे. या तरतुदीची सीमारेषा सप्टेंबर २००१ मधली आहे आणि तिच्यानंतर जन्मलेल्या अपत्यामुळे संख्या दोनच्या पुढे गेली असेल तर उमेदवारी टिकत नाही. चौथे कारण शौचालयाचे. राहत्या घरी शौचालय आहे आणि त्याचा वापर केला जातो, याबाबतचे स्वयंप्रमाणपत्र किंवा दाखला मागितल्या नमुन्यात द्यावा लागतो.

राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. वैधता प्रमाणपत्र हाती नसेल तर काय करायचे, याबाबतची सवलत वेळोवेळी दुरुस्ती करून दिली जाते. २०२५ च्या निवडणुकीत समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि निकालानंतर सहा महिन्यांत प्रमाणपत्र सादर करण्याचे हमीपत्र चालत होते. ही सवलत म्हणजे मोकळीक नव्हे. मुदतीत प्रमाणपत्र आले नाही तर निवड रद्द होते आणि निवडून आलेला माणूस घरी जातो. राखीव जागेवर लढायचे असेल तर पडताळणीचा प्रस्ताव आरक्षणाची सोडत निघण्याची वाट न पाहता दाखल करावा.

विवाहित स्त्री उमेदवारांच्या कागदपत्रांत एक अडचण जवळपास नेहमी असते. जातीचा दाखला माहेरच्या नावाने असतो, मतदारयादीत सासरचे नाव असते आणि बँकेच्या पुस्तकात तिसऱ्याच पद्धतीने नाव लिहिलेले असते. ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे दाखवणारा कागद अर्जासोबत असलाच पाहिजे. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावातील बदलाची राजपत्रातील प्रसिद्धी असेल तर उत्तम. नसेल तर नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे. नावातील हा फरक साधा वाटतो, पण छाननीत विरोधी उमेदवाराचा वकील सर्वांत आधी त्यावरच बोट ठेवतो.

अर्ज आणि प्रतिज्ञापत्र

नामनिर्देशनपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर माहिती भरून तयार करायचे, त्याची छापील प्रत काढायची, तीवर स्वतःची व सूचकाची सही घ्यायची आणि ती प्रत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे प्रत्यक्ष सादर करायची, अशी पद्धत रूढ झाली आहे. संगणकावर भरलेला अर्ज म्हणजे दाखल झालेला अर्ज नव्हे, हे नीट लक्षात असू द्यावे. सही केलेली छापील प्रत मुदतीत अधिकाऱ्याच्या हाती पडली आणि तिची पोच मिळाली, तरच अर्ज दाखल झाला असे मानले जाते. अखेरच्या दिवसांत संकेतस्थळ संथ होते, म्हणून माहिती भरण्याचे काम पहिल्याच दिवशी उरकावे.

अर्जासोबतचे प्रतिज्ञापत्र हा सर्वांत नाजूक कागद आहे. त्यात उमेदवाराची, जोडीदाराची आणि अवलंबून असलेल्यांची स्थावर व जंगम मालमत्ता, देणी, शिक्षण, उत्पन्नाचे साधन आणि गुन्हेगारी प्रकरणे यांची माहिती द्यावी लागते. मतदाराला उमेदवाराविषयी हे सारे जाणून घेण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले आणि रकाने कोरे ठेवल्यास तो हक्क निरर्थक ठरतो, असे २०१३ मध्ये सांगितले. म्हणून एकही रकाना कोरा सोडू नये आणि आडवी रेघही मारू नये. सांगण्यासारखे काही नसेल तेथे ‘निरंक’ आणि तो प्रश्नच आपल्याला लागू नसेल तेथे ‘लागू नाही’ असे अक्षरांत लिहावे. मोटारसायकल नाही, सोने नाही, कर्ज नाही, तर त्या प्रत्येक ओळीसमोर ‘निरंक’. जोडीदाराच्या नावाचा उभा रकाना असेल आणि उमेदवार अविवाहित असेल तर त्या रकान्यातील प्रत्येक चौकटीत ‘लागू नाही’. हे कंटाळवाणे आहे खरे, पण अर्ज वाचतो तो यानेच.

गुन्ह्यांच्या माहितीबाबत लपवाछपवी करू नये, हे सांगण्याची गरज पडू नये, तरी ती पडते. आंदोलनात दाखल झालेला गुन्हा, रस्ता रोकोचा खटला, धनादेश न वटल्याचे प्रकरण हेही नमुन्यात विचारले असेल तसे लिहावे. प्रलंबित खटल्यामुळे उमेदवार आपोआप अपात्र ठरत नाही, पण तो दडवल्याचे पुढे सिद्ध झाले तर निवडच धोक्यात येते. प्रतिज्ञापत्र नोटरी किंवा सक्षम अधिकाऱ्यासमोर करावे, प्रत्येक पानावर सही असावी आणि खाडाखोड झाली असेल तेथे आद्याक्षरी असावी.

याच वेळी निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते उघडून त्याचा तपशील द्यावा लागतो. हे खाते अर्ज भरण्याच्या आदल्या दिवशी उघडायला गेलेल्यांना बँकेत किती वेळ जातो, हे तेथे गेल्यावरच कळते.

सूचक आणि पक्षाचे पत्र

सदस्यपदाच्या अर्जावरील सूचक हा त्या प्रभागाचाच मतदार असावा लागतो आणि नगराध्यक्षपदासाठी शहराच्या यादीतील मतदार असला तरी चालतो. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार आणि अपक्ष यांच्यासाठी सूचकांच्या संख्येचा नियम वेगळा असू शकतो, म्हणून त्या वेळची सूचना पाहावी. सूचकाची निवड करताना त्याच्या घराचा पत्ता पाहू नका, मतदारयादीतील त्याची नोंद पाहा. रस्त्याच्या अलीकडे राहणाऱ्या माणसाचे नाव प्रभागरचनेच्या विभाजनात पलीकडच्या प्रभागात गेलेले असणे ही रोजची गोष्ट आहे. अर्जात त्याचा यादीतील भाग क्रमांक आणि अनुक्रमांक यादी समोर ठेवूनच लिहावा. सूचक निरक्षर असेल तर त्याच्या अंगठ्याच्या ठशाबाबतचे सोपस्कार अधिकाऱ्यासमोर पूर्ण करावे लागतात, त्यामुळे अशा सूचकाला सोबत नेणे आवश्यक ठरते.

कायद्याने एकाच जागेसाठी एकापेक्षा अधिक नामनिर्देशनपत्रे भरण्याची सोय ठेवली आहे आणि तिचा उपयोग अवश्य करावा. दुसरा अर्ज वेगळ्या सूचकाच्या सहीने भरला म्हणजे पहिल्यात त्या अंगाने खोट निघाली तरी दुसरा शिल्लक राहतो. दोन्ही अर्जांत एकच सूचक ठेवणाऱ्यांनी दुसरा अर्ज भरून काय साधले, असा प्रश्न पडतो.

पक्षाच्या उमेदवाराला ज्याला सर्वजण एबी फॉर्म म्हणतात ती, हाच आमचा अधिकृत उमेदवार असे सांगणारी पक्षाची पत्रे लागतात. ती मूळ स्वरूपात, अधिकृत पदाधिकाऱ्याच्या शाईतील सहीने, अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत अधिकाऱ्याकडे पोहोचावी लागतात. छायाप्रत, मोबाइलवर आलेले चित्र किंवा सहीचा शिक्का चालत नाही. पक्ष एबी फॉर्म अखेरच्या तासापर्यंत हातात ठेवतात, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून पक्षाच्या भरवशावर असलेल्याने आपल्या दुसऱ्या अर्जात अपक्ष म्हणून लढण्याचीही तयारी ठेवावी आणि अपक्षाला लागणाऱ्या सूचकांची संख्या त्या अर्जात पूर्ण करावी. पत्र वेळेत आले नाही आणि अर्जावर एकच सूचक असला, तर नियमाप्रमाणे तो अर्ज अपक्ष म्हणूनही टिकणार नाही, अशी स्थिती ओढवू शकते.

दाखल करण्याचा दिवस

अर्ज स्वीकारण्याची वेळ सकाळी ११ ते दुपारी ३ अशी असते. हातात दिवस किती असतात, याचा अंदाज २०२५ च्या कार्यक्रमावरून येईल. २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचा कार्यक्रम ४ नोव्हेंबरला जाहीर झाला, अर्ज १० ते १७ नोव्हेंबर या काळात घेतले गेले आणि १८ नोव्हेंबरला छाननी झाली. म्हणजे घोषणेपासून छाननीपर्यंत दोनच आठवडे. ज्याची कागदपत्रे घोषणेआधी तयार नव्हती त्याची धावपळ किती झाली असेल, ते सांगायला नको.

कार्यालयात उमेदवारासोबत मर्यादित माणसांनाच आत सोडतात. मिरवणूक दारातच थांबते, तेव्हा आत नेण्याच्या माणसांत सूचक आणि कागदपत्रे समजणारी एक व्यक्ती असावी. अर्ज देताना अनामत रकमेची पावती जोडावी. ही रक्कम राखीव प्रवर्गातील उमेदवारांना कमी असते, पण त्यासाठी जातीचा दाखला समोर ठेवावा लागतो. अधिकारी अर्ज घेताना ढोबळ तपासणी करून त्रुटी सांगतात आणि काही कागद राहिला असल्यास तशी नोंद करून देतात. ती नोंद वाचल्याशिवाय तेथून हलू नये. मुदत संपण्याआधी ती त्रुटी दूर करता येते. ३ वाजल्यानंतर नवा अर्ज घेण्याचा अधिकार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला नाही, मग उमेदवार कोणीही असो.

छाननी, अपील आणि माघार

छाननीला उमेदवाराने स्वतः हजर राहावे किंवा लेखी अधिकार देऊन प्रतिनिधी पाठवावा. येथे प्रत्येक अर्ज मोठ्याने वाचून पाहिला जातो आणि इतर उमेदवारांना हरकत घेता येते. आपल्यावर हरकत आली तर तिचे उत्तर तेथेच, कागदासह द्यावे लागते. म्हणून कर भरल्याच्या पावत्या, मुलांचे जन्मदाखले, ठेक्यातून बाहेर पडल्याचे पत्र, नावातील बदलाचा पुरावा हे सारे मूळ प्रतींसह पिशवीत असावे.

अर्ज महत्त्वाच्या दोषासाठी फेटाळला जावा, किरकोळ लेखनदोषासाठी फेटाळला जाऊ नये, हे छाननीचे मूळ तत्त्व आहे. नावातील ऱ्हस्व-दीर्घाची चूक किंवा अनुक्रमांकातील उघड हस्तदोष यावरून उमेदवारी रद्द करणे योग्य नाही. याउलट सूचकच अपात्र असणे, सही नसणे, प्रतिज्ञापत्रच नसणे, राखीव जागेसाठी जातीचा पुरावा नसणे हे दोष भरून निघत नाहीत. अर्ज फेटाळला तर कारणांसह लेखी आदेशाची प्रत तत्काळ मागावी. अपिलाचा सगळा आधार तीच असते.

छाननीच्या निर्णयाविरुद्ध अपील जिल्हा न्यायाधीशांकडे करता येते आणि त्याची मुदत अगदी थोडी असते. प्रत मिळाली त्याच संध्याकाळी वकिलाकडे जावे. अपिलाचा परिणाम केवळ अपील करणाऱ्यापुरता राहत नाही, हे २०२५ मध्ये साऱ्या राज्याने पाहिले. जेथे अपील झाले असेल तेथे त्याच्या निकालानंतर माघारीसाठी उमेदवारांना तीन दिवस मिळावेत, अशी १९६६ च्या नियमांची अपेक्षा आहे. त्या वेळी काही ठिकाणी न्यायालयांचे निकाल उशिरा लागले आणि हा अवधी न देताच चिन्हे वाटली गेली होती. परिणामी २ डिसेंबरला ठरलेले मतदान त्या ठिकाणी, कोठे संपूर्ण तर कोठे काही जागांपुरते, २० डिसेंबरला घ्यावे लागले आणि सर्वत्र मतमोजणी २१ डिसेंबरला झाली. माघारीचे तीन दिवस हा उमेदवाराचा हक्क आहे. तो डावलला जात असेल तर चिन्हवाटपाआधीच लेखी हरकत नोंदवावी.

माघार घ्यायची तर ती लेखी आणि स्वतःच्या सहीने द्यावी लागते. एकदा घेतलेली माघार परत घेता येत नाही. आपल्याला न विचारता आपल्या नावाचे माघारीचे पत्र कोणी दिले, अशी शंका आली तर वेळ न दवडता कार्यालयात जाऊन खात्री करावी. माघारीनंतर एका जागेसाठी एकच उमेदवार उरला तर तो बिनविरोध ठरतो.

चिन्ह आणि मतपत्रिका

पक्षाच्या उमेदवाराला पक्षाचे राखीव चिन्ह मिळते. अपक्षाने मुक्त चिन्हांच्या यादीतून पसंतीक्रम द्यायचा असतो आणि एकाच चिन्हाला अनेकांची मागणी आली तर चिठ्ठी काढून निर्णय होतो. पसंती देताना रेखाटन पाहावे, नाव नव्हे. मतयंत्रावर चिन्ह अंगठ्याएवढ्या चौकटीत काळ्या रेषांत दिसते आणि दूरदर्शन संच, कपाट, खिडकी ही चिन्हे तेवढ्या आकारात एकसारखी भासतात. वयस्कर मतदाराला चष्म्याशिवाय ओळखता येईल असे चिन्ह मागावे.

मतपत्रिकेवर मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी आणि अपक्ष शेवटी येतात. प्रत्येक गटात नावे मराठी वर्णक्रमाने लागतात. लोक आपल्याला टोपणनावाने ओळखत असतील तर ते मतपत्रिकेवर यावे यासाठी अर्ज भरतानाच कार्यालयाला विचारून त्या नमुन्याप्रमाणे लिहावे. यादी प्रसिद्ध झाल्यावर ही मागणी करून उपयोग होत नाही. शेवटच्या उमेदवाराखाली ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय असतो. राज्य आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढलेल्या आदेशानुसार या पर्यायाला सर्वाधिक मते पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची, अशी तरतूद झाली. नाराज मतदाराच्या मताला वजन देणारे हे पाऊल महाराष्ट्राने उचलले, याचा आनंद वाटतो.

मतपत्रिका यंत्रावर बसवून यंत्रे सीलबंद करताना उमेदवाराला किंवा प्रतिनिधीला हजर राहता येते. बहुतेक जण प्रचाराच्या घाईत तेथे जात नाहीत. जावे आणि आपले नाव, चिन्ह, जागेचे अक्षर व शेजारचे बटण स्वतः पाहावे. मतदानाच्या दिवशी सुरुवातीला यंत्र तपासण्यासाठी होणाऱ्या अभिरूप म्हणजे चाचणी मतदानालाही आपला मतदान प्रतिनिधी वेळेत पोहोचला पाहिजे. या निवडणुकांत मतदाराला आपले मत छापील चिठ्ठीवर दाखवणारे यंत्र जोडलेले नसते, त्यामुळे सुरुवातीची ही तपासणी अधिकच महत्त्वाची ठरते.

मतदाराने यंत्रासमोर काय करायचे

विधानसभेला एक बटण दाबले की काम संपते. नगरपरिषदेत तसे नाही. दोन जागांच्या प्रभागात मतदाराला सदस्यांसाठी दोन आणि नगराध्यक्षासाठी एक अशी तीन मते द्यायची असतात. तीन जागांच्या प्रभागात चार, नगरपंचायतीत दोन. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाच्या कागदावर असते आणि प्रत्येक गटातून एकच बटण दाबायचे असते. स्त्रियांसाठी किंवा विशिष्ट प्रवर्गासाठी राखीव असलेल्या जागेलाही प्रभागातील प्रत्येक मतदाराने मत द्यायचे असते, कारण आरक्षण उमेदवाराला असते, मतदाराला नाही. सर्व जागांची बटणे दाबून झाल्यावरच मत पूर्ण झाल्याचा लांब आवाज येतो. तो येईपर्यंत तेथून निघू नये. एखाद्या जागेवरचा कोणीच पसंत नसेल तर त्या गटातील ‘वरीलपैकी कोणीही नाही’ दाबावे, पण गट रिकामा सोडू नये. उमेदवारांनी प्रचारात स्वतःच्या बटणाइतकाच वेळ ही पद्धत समजावून सांगण्यासाठी द्यावा. नमुना मतपत्रिका छापायची असेल तर ती खऱ्या मतपत्रिकेसारखी दिसू नये आणि तिच्यावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव असावे.

यादीत एकाच मतदाराचे नाव दोनदा आले असेल तर त्या नावापुढे २०२५ मध्ये दोन तारकांची खूण केली गेली होती. अशा मतदाराने कोणत्या केंद्रावर मत देणार ते आधी कळवावे, म्हणजे केंद्रावर हमीपत्राची आणि जादा ओळखपडताळणीची वेळ येत नाही. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल तर रिकाम्या हाताने परतू नये. ओळख पटवून देऊन प्रदत्त मत मागावे. ते यंत्रावर नव्हे, तर कागदी मतपत्रिकेवर घेतले जाते आणि वेगळ्या पाकिटात ठेवले जाते.

निकालानंतरची दोन कामे

नगरपरिषदांचे लोकसंख्येनुसार ‘अ’, ‘ब’, ‘क’ असे वर्ग असतात. २०२५ मध्ये खर्चाची मर्यादा ‘अ’ वर्ग नगरपरिषदेत नगराध्यक्षपदासाठी १५ लाख व सदस्यासाठी ५ लाख रुपये, ‘ब’ वर्गात ११ लाख २५ हजार व ३ लाख ५० हजार, ‘क’ वर्गात ७ लाख ५० हजार व २ लाख ५० हजार आणि नगरपंचायतीत ६ लाख व २ लाख २५ हजार अशी होती. हिशेब रोजच्या रोज ठेवून तो निकालानंतर ३० दिवसांत सादर करावा लागतो. हरलेल्या आणि बिनविरोध आलेल्या उमेदवारांनाही ही अट लागू आहे आणि हरलेलेच ती जास्त विसरतात. मग पुढच्या निवडणुकीच्या वेळी अपात्रांच्या यादीत आपले नाव पाहून त्यांना धक्का बसतो. हिशेब दिल्याची पोच जपून ठेवावी.

निवडणुकीलाच आव्हान द्यायचे असेल तर कायद्याच्या कलम २१ प्रमाणे जिल्हा न्यायाधीशांकडे निवडणूक याचिका करावी लागते आणि निकाल राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून त्यासाठी १० दिवसच मिळतात. हे दिवस मतमोजणीच्या थकव्यात निघून जातात. छाननीच्या आदेशाची प्रत, हरकतींचे अर्ज आणि त्यांच्या पोचा, मतमोजणी प्रतिनिधीने उतरवून घेतलेले केंद्रनिहाय आकडे हे सर्व एका फायलीत असेल, तर वकिलाला पहिल्याच भेटीत याचिका उभी राहते की नाही, हे सांगता येते.